घशातली कोय

"आणखी आत घाला हात, केराबाई. घाबरू नका, जबडा मी धरलाय."

"घातलाय की कोपरापातूर. काय सुदिक लागंना हाताला."

"लागेल. कोय बुळबुळीत असते, निसटते. बोटं वाकवून बघा."

मे महिना होता, सकाळचे अकरा वाजले होते आणि गोठ्याचा पत्रा आत्ताच तापून तडतडायला लागला होता. जत तालुक्याच्या कोरड्या टोकाला हिवरतळ नावाचं गाव, आणि गावापासून दोन कोस आत धनगरांची पाच घरांची वस्ती. त्यातलं एक घर केराबाई कोळेकरचं. नवरा मेंढरं घेऊन दूर गेलेला, घरात ती, तिची बहिरी सासू आणि साळू नावाची म्हैस. साळू पंढरपुरी जातीची होती, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. मी नोकरीला लागून सात महिने झालेला जनावरांचा डॉक्टर. गावोगावची माणसं मला 'डाक्टर' म्हणत आणि मीही आता छाती जरा पुढे काढून चालायला लागलो होतो. म्हैस सुटून पळू नये म्हणून गोठ्याच्या दाराला आतून कडी घातली होती. ती घालायची अक्कलही माझीच.

साळूनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं. पाण्यात तोंड बुडवायची, पण घोट खाली उतरत नव्हता. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. आंब्याच्या दिवसांत म्हैस गिळेनाशी झाली की तिकडे लहान पोरसुद्धा सांगतं, घशात कोय अडकलीय. पाहुणे येऊन गेले होते, साळूला टोपलीभर साली आणि कोयी घातल्या होत्या, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. केराबाईच्या सासूनं सांगितलं, शेजारच्यांनी सांगितलं आणि मीही मान डोलावली.

अडकलेली कोय काढायचं काम त्या भागात बाईचं. जी धार काढते तिचा वास म्हशीला ओळखीचा असतो, आणि बाईचा हात निमुळता. पुरुषाचा पंजा आत शिरतच नाही. त्यात माझ्या अंगठ्याला त्याच दिवशी सकाळी औषधाची काचेची कुपी फोडताना चीर गेली होती, वर चिकटपट्टी होती. म्हणून मी म्हणालो, तुम्हीच घाला हात.

"काकणं तेवढी काढता का?" मी विचारलं होतं.

"आवो, मालक वाटंवर असताना काकणं काढत्यात व्हय? काय तरीच." तिनं हिरवी काकणं कोपराकडे सारली, त्यावर पदराचं टोक गुंडाळलं आणि कोपरापर्यंत खोबरेल चोळलं. मला हे टाळता आलं असतं. मी टाळलं नाही, कारण मला उशीर होत होता आणि पुढच्या वस्तीवर एक गाय अडली होती.

तेवढ्यात साळूनं मान झटकली. माझ्या हातातून जबडा सुटला. आत कट्कन आवाज झाला. केराबाईनं हात बाहेर ओढला, तेव्हा पदर सुटून खाली घसरलेली दोन काकणं मनगटापाशी फुटून काच रुतली होती आणि लाळेत रक्त मिसळून खाली ठिबकत होतं.

"कोय न्हाई, डाक्टर," ती म्हणाली. हाताकडे न बघता म्हशीकडे बघत म्हणाली. "आत मोकळंच हाय सगळं."

मग साळू ओरडली. म्हशीचं ओरडणं मी शेकडो वेळा ऐकलं होतं, हे तसं नव्हतं. घोगरं, फाटकं, मध्येच तुटणारं. दुसऱ्या क्षणी तिनं खुंटा उपटला आणि शिंगं खाली घालून आमच्याकडे वळली.

मी गव्हाणीवर कसा चढलो आणि तिथून वैरणीच्या माळ्यावर कसा पोचलो, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढं आठवतं की केराबाई माझ्या आधी वर होती आणि तिनंच माझी कॉलर धरून मला ओढून घेतलं. खाली शिंगं गव्हाणीच्या लाकडाला धडकली, तेव्हा अख्खा माळा हलला.

माळा म्हणजे चार वासे आणि त्यावर कडबा. कडब्यापासून दोन हातांवर पत्रा. उभं राहायची सोय नाही, बसलं तरी मान वाकवावी लागत होती. कडब्याची कुसं घामावर चिकटत होती. खाली साळू आणि दार यांच्यामध्ये जागाच नव्हती. ती दारालाच अंग लावून उभी राहिली होती, आणि मध्येच पुढे येऊन गव्हाणीचं लाकूड चावत होती.

"मामी!" केराबाईनं पत्र्यावर मूठ आपटली. "मामी, कुणाला तरी बोलवा!"

सासू बाहेर लिंबाखाली बसली होती. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "डाक्टरास्नी म्हनावं जेवूनच जावा. भाकरी टाकत्ये."

दुसऱ्या वेळी असतं तर मी पोट धरून हसलो असतो. केराबाई हसलीही थोडं. "आमचा मायाप्पा, माझा दीर, तो बाजारला गेलाय. दोनला येतो. तवर हितंच."

आणि मी खाली बघत बसलो. वरून जनावर वेगळं दिसतं. मागचे पाय फाकलेले, चालताना कंबर एका बाजूला जाणारी. कान ताठ. खालचा ओठ लोंबलेला. पाण्याची बादली समोर, तीत तोंड घालायची, पाणी तोंडात जायचं आणि तसंच बाहेर यायचं. तिच्या घशात काहीही अडकलेलं नव्हतं. तिचं गिळणंच बंद पडलं होतं.

"केराबाई," मी म्हणालो, "ही पिसाळलीय."

मग तिनं कमरेची भंडाऱ्याची पुरचुंडी सोडली आणि हळद जखमेवर टाकायला निघाली. मी तिचा हात धरला. "नका. काहीही भरू नका तिच्यात. धुवायला पाहिजे. साबणानं, पाण्यानं, चांगली घटकाभर."

"पानी खाली हाय."

"हो."

"आन् साबन?"

साबण माझ्या बॅगेत होता. स्पिरिटची बाटलीही. बॅग खाली होती, गव्हाणीच्या पलीकडे, साळूच्या पुढच्या पायापासून दीड हातावर. मी बॅगेकडे बघितलं, साळूकडे बघितलं, आणि माझे पाय जागचे हलले नाहीत. हे मी लपवत नाही.

"न्हेमकं काय हुतं ह्यात?" केराबाईनं विचारलं. "कुत्रं पिसाळलं की मानूस कुत्र्यागत भुकतो म्हनत्यात. खरं सांगा. म्या अडानी हाय, पर भित्री न्हाई."

मग मी सांगितलं. तेवढंच हातात होतं. मी म्हणालो, ह्याला विषाणू म्हणतात. तो किडा नाही, मुंगी नाही, जंतूसुद्धा धड नाही. त्याला स्वतःची चूल नाही, दाणागोटा नाही. बाहेर पडून राहिला तर नुसती धूळ. पण दुसऱ्याच्या जित्या अंगात शिरला की त्या घरची चूल, त्या घरचं पीठ वापरून स्वतःसारखेच शेकडो भाऊ थापून काढतो.

"फुकट खाऊ," ती म्हणाली.

"तसंच. प्रत्येकाची आवड वेगळी. सर्दीचा नाकात राहतो, काविळीचा काळजात, म्हणजे यकृतात. ह्याला शिरा लागतात. रक्ताच्या नव्हे, अंगातल्या तारा असतात ना, ज्यांनी दुखतं, हात हलतो, ते मज्जातंतू. लाळेतून जखमेत पडतो. तिथं मांसात थोडे दिवस काढतो. मग तार धरून वर चालायला लागतो."

"वर म्हंजी?"

"डोक्याकडे. रोज थोडं थोडं. गडबड करत नाही. रक्तात उतरत नाही, म्हणून आपल्या अंगातल्या राखणदारांना पत्ता लागत नाही. माणूस खातो, पितो, कामाला जातो. दोन महिने, तीन महिने. आणि एकदा डोक्यात पोचला की..."

"की?"

"मग औषध नाही. कुठल्याच डॉक्टरकडे नाही."

खाली साळू पुन्हा ओरडली. केराबाई तिच्याकडे बघत राहिली. "आन् ही लाळ?"

"डोक्यातून तो पुन्हा खाली उतरतो, लाळेत. आणि घसा बंद करतो, म्हणजे लाळ गिळली जाऊ नये, तोंडातच राहावी. आणि जनावराला चावायची बुद्धी देतो. असं करून त्याला पुढचं घर मिळतं."

"लई हुशार हाय."

"हुशार नाही, केराबाई. त्याला काहीच कळत नाही. तेच वाईट आहे."

तिनं आपला हात समोर धरला. मनगटापासून बोटानं वर मोजत गेली, कोपर, दंड, खांदा, मान. "लांब न्हाई," ती म्हणाली.

"सुया आहेत," मी घाईनं म्हणालो. "तालुक्याच्या दवाखान्यात. पोटात घ्यायच्या, चौदा. त्यानं राखणदार जागे होतात आणि तो डोक्यात पोचायच्या आत वाटेतच त्याला गाठतात. पण आज सुरू करायच्या. आणि त्याआधी हे धुवायचं."

"मग बोलत काय बसलाय," ती म्हणाली आणि कडब्यात हात घालून तिनं लांब आकडी बाहेर काढली. वैरण ओढायची, बांबूला लोखंडी हूक लावलेली. पालथी पडून, अर्धं अंग माळ्याबाहेर काढून, रक्ताळलेल्या हातानंच तिनं ती खाली सोडली. मी तिचे पाय धरले. पहिल्यांदा हूक निसटला. दुसऱ्यांदा साळूनं आकडीला धडक दिली. तिसऱ्यांदा पट्टा अडकला आणि बॅग वर आली.

मी बाटली उघडली. अर्ध्याहून कमी होती. मी चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि स्पिरिट माझ्या अंगठ्यावर ओतलं. चिरेत भिनलं तसा मी कळवळलो. पुन्हा ओतलं. बोटं फाकवून, नखांत जाईल असं ओतलं.

मान वर केली तेव्हा केराबाई माझ्याकडे बघत होती. तिचा हात अजून तसाच समोर होता. काचा मी काढल्या नव्हत्या.

"झालं तुमचं?" तिनं विचारलं.

बाटलीत तीन बोटं राहिलं होतं. मी तिच्या मनगटातल्या काचा काढल्या आणि उरलेलं सगळं ओतलं. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मीच बडबडत सुटलो, की जबडा धरताना पट्टी भिजली होती, मलाही तेवढाच धोका आहे, गोंधळात सुचलं नाही.

"डाक्टर," ती म्हणाली, "म्या तुमाला दारातच एक सांगितलं हुतं."

"काय?"

"दीड म्हयन्यामागं एक वाटंचं कुत्रं साळूच्या नाकाडाला झोंबलं. मायाप्पानं ते काठीनं मारलं. तुमी फटफटी लावत हुता, तवा सांगितलं."

पत्रा आता इतका तापला होता की श्वासालाही चटका बसत होता. खाली लाकूड चावल्याचा आवाज येत होता, करकर, करकर. हातभर जागेत ती बाई माझ्यासमोर बसली होती आणि तिची नजर चुकवून बघायला दुसरीकडे जागाच नव्हती.

"फटफटीचा आवाज होता," मी म्हणालो. "ऐकू आलं नाही."

"आसं," ती म्हणाली. मग दोन वाजेपर्यंत ती पालथी पडून खाली साळूकडे बघत राहिली.

मायाप्पा आला तो साळूचं ओरडणं ऐकून थेट छपरावर चढला. खिळे उपसून त्यानं पत्रा उचलला आणि आम्हाला वर ओढून काढलं. धिप्पाड गडी, तापट. "कसं काय झालं?" त्यानं मला विचारलं आणि मी कपड्यांवरची कुसं झटकायला लागलो. केराबाईच म्हणाली, "म्हस पिसाळली. कुनाच्या हातातलं हाय काय ते." रांजणाशी बसून तिनं साबणाची वडी संपेस्तोवर हात धुतला. मायाप्पा तिला मंतरलेल्या पाण्यासाठी शेजारच्या गावी नेणार म्हणत होता. ती म्हणाली, "न्हाई. म्या डाक्टरासंगं जानार." आणि माझ्या फटफटीवर मागे येऊन बसली.

साळू तिसऱ्या दिवशी गेली. तिच्या मेंदूचा तुकडा मी पुण्याला पाठवला. आठवड्यानं कागद आला, पिसाळ रोगच. तोवर आमच्या दोघांच्या दहा-दहा सुया झाल्या होत्या. रोज सकाळी ती हिवरतळच्या फाट्यावरून एसटीनं यायची, दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसायची, आधी तिला बोलवायचे, मग मला. पोट सुजून टणक झालं होतं, वाकता येत नव्हतं. ही लस मेंढराच्या मेंदूपासून करतात असं मी एकदा सांगितलं, तेव्हा तिला खरंच बरं वाटलं. "मग आमच्या बिरोबादेवाचंच औशद की," म्हणाली. बाकी आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. गोठ्याचं कधीच नाही.

केराबाई जगली, हे आताच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं झाली, अजून आहे असं ऐकतो, सुना-नातवंडं आहेत. मीही आहेच.

चौदावी सुई झाली त्या दिवशी आम्ही स्टँडवर तिच्या गाडीची वाट बघत होतो. मला चौदा दिवस झोप नव्हती. मी म्हणालो, "केराबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. कुत्र्याचं मी ऐकलं होतं."

वर मी लिहिलं, की अंगठ्याला चीर होती म्हणून मी तिला हात घालायला सांगितला. ते खरं आहे, पण पुरतं नाही. कॉलेजात आमचे सर वर्गात टेबलावर हात आपटून सांगायचे, गिळत नाही आणि लाळ गळतेय, तर आधी पिसाळ समजा, मग कोय. दारात तिनं कुत्र्याचं सांगितलं तेव्हा मला ते वाक्य आठवलं होतं. साळूची लोंबती लाळ बघितली तेव्हा पुन्हा आठवलं. पण मी ते बोललो असतो आणि शेवटी कोय निघाली असती, तर पाच घरांची वस्ती मला हसली असती. मी शंका गिळली. आणि शंका होती, म्हणूनच स्वतःचा हात घातला नाही. तिचा घालायला लावला.

एवढं सगळं मी तिला स्टँडवर सांगितलं. ती ऐकत होती. "ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुमी बाटली स्वताच्या हातावर वतली, तवापासून."

"मग मायाप्पाला का नाही सांगितलंत? माझ्या वरच्या साहेबाकडे का नाही गेलात?"

"सांगितलं असतं तर मायाप्पानं तुमची हाडं मोडली असती. तुमी तालुक्यात न्हाई, तर मला सुई कोन देतं? कोन वळखतं मला दवाखान्यात? आमच्या घरच्यांनी मंतराचं पानी पाजून बसवलं असतं. मला जगायचं हुतं, डाक्टर. म्हनून गप बसले. चौदा दिस तुमच्या शेजारी बसले, मुठी आवळून." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "आता चौदा झाल्या. आता तुमचं काय काम न्हाई मला."

हिवरतळची गाडी लागली. तिनं पिशवी उचलली, पोटाला हात धरून पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "चला माझ्यासंगं. मायाप्पाम्होरं सांगा, मामीम्होरं सांगा, समद्या वस्तीम्होरं सांगा. कोन हात लावनार न्हाई तुमाला, म्या हाय. पर सांगा. म्या जागा धरत्ये."

मी चढलो. खरंच चढलो. दांडीला धरून तिच्या बाकापर्यंत गेलो. तिनं खिडकीकडे सरकून शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती, ती उचलून मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली. कंडक्टर जवळ आला.

"बोला साहेब, कुठलं देऊ?"

मी तोंड उघडलं. हिवरतळ, एवढा एक शब्द म्हणायचा होता. घशातून तो वर येईना.

"उतरायचंय मला," मी म्हणालो.

कंडक्टर करवादला, घंटी मारली. स्टँडच्या फाटकाशी गाडी थांबली आणि मी खाली उतरलो. महिन्याभरात अर्ज करून मी तालुका बदलून घेतला आणि त्या वाटेला पुन्हा कधी गेलो नाही. गाडी वळली तेव्हा केराबाई मला खिडकीतून दिसली. तिनं मांडीवरची पिशवी पुन्हा शेजारच्या जागेवर ठेवली होती आणि ती समोर बघत बसली होती.